ज्याचा त्याचा डबा

मंडळाने कमीत कमी काम करावं, या मताचा मी आहे. एवढं सांगितलं की लोक मला आळशी समजतात. आळशी माणूस स्वतःची कामं टाळतो. मी दुसऱ्यांनी उकरून काढलेली कामं टाळतो. त्याला तत्त्व लागतं, चिकाटी लागते, आणि प्रसंगी रविवारची झोपही सोडावी लागते.

सिंगापुरात मराठी माणसांची मोठमोठी मंडळं आहेत. त्यांच्याबद्दल मला आदर आहे आणि त्यांच्या तालमींबद्दल भीती. आमचं शेजार मंडळ अगदी छोटं. पाया लेबारच्या आसपास राहणारी आणि पगार वाढल्यावर तिथून लांब गेलेली काही कुटुंबं, एवढाच पसारा. मंडळाची कामं दोन. गणपतीत एक आरती आणि वर्षातून एकदा पुलाउ उबीन बेटाची सहल. चांगीच्या धक्क्यावरून बमबोटीने, म्हणजे छोट्या लाकडी मोटारबोटीने, पलीकडे जायचं, भाड्याच्या सायकली दामटायच्या, सावली बघून बसायचं, आपापला डबा उघडायचा, दुसऱ्याच्या डब्यातलं खायचं आणि परत यायचं. समिती नाही, फलक नाही, प्रमुख पाहुणे नाहीत, त्यांना द्यायचा नारळ नाही. ज्याचा त्याचा डबा. माणसाने याहून प्रगत राज्यव्यवस्था अजून शोधलेली नाही, असं माझं मत आहे आणि ते मी विचारल्याशिवायही सांगतो.

डबे संपले की तिथेच पुढच्या अध्यक्षाचं नाव ठरतं. नियमाने बघायला गेलं तर ते फक्त आमच्या 'साधेपणा पॅनेल'च्या उमेदवाराचं नाव. खरी निवडणूक नंतर सर्वसाधारण सभेत. पण विरोधी पॅनेलच्या दोन नेत्यांपैकी एक दुबईला बदलून गेले आणि दुसरे आमच्यात आले, तेव्हापासून पॅनेलचा उमेदवार तोच अध्यक्ष. हात वर करायचे, 'एकमताने' म्हणायचं, टाळ्या वाजवायच्या आणि बोट गाठायची. एकमताची आमच्या लोकांना फार हौस. मत नसलं तरी चालतं, ते एक पाहिजे.

यंदा मंदार वैद्य उभा राहिला.

मंदार माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, कुठल्याशा कंपनीत मोठा मॅनेजर. बुकित तिमाहला राहतो. त्याच्या कॉन्डोत टेनिस कोर्ट आहे. आमच्या पाया लेबारच्या जुन्या कॉन्डोतही पोहण्याचा तलाव आहे. त्यात एका वेळी एक माणूस पोहू शकतो आणि दुसरा उभा राहू शकतो. हे सांगायचं कारण असं, की पॅनेलच्या चहाच्या बैठकीत मंदार उठला आणि म्हणाला, "वर्षानुवर्षं हे मंडळ पाया लेबारच्या चार प्रस्थापितांच्या दिवाणखान्यातून चाललंय. आता सामान्य सभासद जागा झालाय!"

आमच्या दिवाणखान्यात सोफा आणि कपडे वाळवायचा स्टँड एकदम मावत नाहीत. मी मागे वळून बघितलं, प्रस्थापित कुठे दिसतात का. सगळे माझ्याकडे बघत होते.

मग त्याने वचनं दिली. उबीनला सगळ्यांना फुकट जेवण. धक्क्यापर्यंत गार बस. प्रत्येकाला टी-शर्ट. ढोलपथक. मुलांसाठी संस्कारवर्ग, मोठ्यांसाठी झुंबा.

"हे साधेपणा पॅनेल आहे, मंदार," मी म्हणालो.

"श्रीरामदादा, खरा साधेपणा कशाला म्हणतात? सामान्य सभासदाला साधं जेवणसुद्धा घरून आणावं लागू नये, याला!"

टाळ्या.

"खर्च कोण करणार?"

"मंडळ."

"मंडळ म्हणजे कोण?"

"आपण सगळे!"

"मग फुकट कुणाला?"

"आपल्या सगळ्यांना!"

याला तर लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. संजीवनीने, म्हणजे माझ्या बायकोने, बसून वाजवल्या. ती नंतर म्हणाली, "वाक्य छान होतं रे. अर्थ घरी येईपर्यंत लागला नाही."

समोरच्या पॅनेलचा माणूस हे बोलला असता तर मी चहा संपवून घरी आलो असतो. त्यांचं कामच ते. पण हा आमच्यातला. आमचाच झेंडा हातात घेऊन आमच्याच दुकानाला आग लावणारा. आणि आमचे जुने, कडवे, ज्यांनी एके काळी आरतीच्या टाळांची संख्याही वाढू दिली नव्हती असे लोक मान डोलावत होते!

त्यातला सगळ्यात कडवा पद्माकर तांडेल. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो. जहाजावर चीफ इंजिनियर. दोन जहाजांच्या मधल्या सुट्टीत तो माझा सल्लागार असतो. मी काही विचारायची अट त्यात नाही.

"श्रीराम, मला काय तो आवडतो असं नाय," पद्माकर म्हणाला. "पण येणार तोच. मग आपल्याच पॅनेलमधून येऊ दे ना. आतून धरून ठेवू त्याला."

"कसं धरणार?"

"इंजिन लय तापलं तर तू ते समुद्रात टाकतोस काय? पाणी सोडतोस. आपण पाणी सोडायचं."

"कशावर?"

पद्माकरने विचार केला. "ते बघू," तो म्हणाला. तत्त्वांवर पाणी सोडण्याची सुरुवात साधारण अशीच होते.

मी ठरवलं, मंदारला विरोध करायचा. विरोधाला उमेदवार लागतो. मी चार जणांना विचारलं. पहिल्याची ऑफिसची ट्रिप होती, दुसऱ्याची पाठ धरली होती, तिसऱ्याच्या मुलाची परीक्षा होती आणि चौथ्याने मंदारचा टी-शर्ट मापासाठी आधीच घालून बघितला होता. तेव्हा मीच उभा राहिलो. जाहीरनामा एका ओळीचा: 'मी काहीही करणार नाही.' माझ्या माहितीत पूर्णपणे पाळता येण्यासारखा हा एकमेव जाहीरनामा.

गार्गीने, म्हणजे आमच्या कॉलेजकन्येने, तो वाचला. तिच्या सिंगापुरी इंग्रजीत वाक्याला 'लाह' नाहीतर 'मेह'ची शेपटी लागते. "बाबा, धिस वन कॅनॉट विन, लाह."

"जिंकण्यासाठी नाही, भूमिकेसाठी."

"ओके, लाह. बट भूमिका ऑल्सो कॅनॉट विन."

प्रचाराची सभा घ्यावी म्हणून मी आमच्या कॉन्डोच्या ऑफिसात हॉल मागायला गेलो. तिथे मिस टॅन बसतात. फार व्यवस्थित बाई. त्यांनी स्क्रीनकडे बघत इंग्रजीत विचारलं, कार्यक्रम कसला?

"कार्यक्रम नाही. आम्ही नुसते बसून बोलणार."

"बसून बोलणं माझ्या मेनूत नाही, अंकल. बर्थडे, योगा किंवा मीटिंग."

"मीटिंग."

"मीटिंगला कमिटी हवी. चेअरमन, सेक्रेटरी, सेफ्टी इन-चार्ज."

"आमची सभा कमिट्यांच्या विरोधात आहे."

मिस टॅननी माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं. "मग योगा टाकू?"

पण योगाला चटया आणणं सक्तीचं होतं. शेवटी मी चेअरमन, संजीवनी सेक्रेटरी आणि पद्माकर सेफ्टी इन-चार्ज, अशी आमची समितीविरोधी समिती स्थापन झाली. पद्माकरने पद अत्यंत गांभीर्याने घेतलं. सभेचा पहिला अर्धा भाग त्याने आग लागल्यास कुठून पळायचं हे समजावण्यात घालवला. दुसऱ्या भागात मी बोललो, तेव्हा बरेच जण त्या वाटेने गेले.

मंडळाचे फार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झालेत, हा माझा एक मुद्दा होता. तो सगळ्यांपर्यंत पोचावा म्हणून मी 'एकच ग्रुप पुरे' नावाचा ग्रुप काढला. त्यात मंदारची माणसं शिरली आणि दर सकाळी गुलाबाची फुलं टाकू लागली. म्हणून 'एकच ग्रुप पुरे (अधिकृत)' काढावा लागला. मग पद्माकरने, मला न विचारता, टी-शर्ट छापून आणले. छातीवर ठळक अक्षरांत: 'टी-शर्ट नकोत'.

"पद्माकर, हे काय आहे?"

"प्रचार! जहाजावर ज्याच्या अंगात बॉयलर सूट नसतो त्याचं कोण ऐकत नाय."

"बाबा," गार्गी टी-शर्टकडे बघत म्हणाली, "यू मेक टी-शर्ट टू से नो टी-शर्ट, मेह?"

मी तिला राजकारणातल्या नाइलाजांबद्दल दोन शब्द सांगितले. तिने कानात इयरफोन घातले.

आणि मग डबा आला.

मंदारची बायको रुचिरा स्वतः दारात. हसतमुख, हातात स्टीलचा चकचकीत डबा, आत बेसनाचे लाडू. "वहिनी, आमच्याकडून सगळ्या घरांना छोटीशी भेट. डबासुद्धा तुमचाच हं!" ती गेल्यावर मी डबा तपासला. भांड्यांवर नावं घालायची आपली पद्धत. आमच्या घरी संजीवनीच्या मावशीने मंगळागौरीला दिलेला असाच डबा आहे, त्याच्या कडेला बारीक ठिपक्यांत संजीवनीचं नाव आहे. या डब्याच्या कडेला काहीच नव्हतं. उलटा केला तर बुडावर, कडेपासून कडेपर्यंत: 'मंदारकडून सप्रेम'. पुण्याहून बॅग भरून असे डबे आणवले होते म्हणे.

"बुडावर कोण नाव घालतं?" संजीवनीने विचारलं.

"ज्याला वाटतं की लोकांनी डबा रिकामा करून बघत बसावं, तो." मी म्हणालो. "हा परत जाणार. आजच. मतदाराला भेटवस्तू! आपण विकले जाणार नाही."

"अवश्य जाऊ दे. पण रिकामा नाही जायचा."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? रिकामा डबा परत देतात का कुणी? आईने शिकवलं नाही तुला?"

इथे माझं तत्त्व आणि माझी आई समोरासमोर आली. आई जिंकली. लाडू घरातच संपले (मी एकच खाल्ला, चव तपासायला) आणि संजीवनीने डब्यात खमंग थालीपीठं भरली. म्हणजे विरोधकाची लाच नाकारण्यासाठी मी विरोधकाला थालीपीठं घेऊन निघालो. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मांडीवर डबा धरून बसलो तेव्हा वाटलं, ही योजना नेमकी कुणाची?

बुकित तिमाहच्या कॉन्डोच्या फाटकावर पहारेकऱ्याने विचारलं, "परपज?"

"डबा परत करायचा आहे."

"डिलिव्हरी?"

"नाही. निषेध."

तो शब्द इंग्रजीत सांगितल्यावर पहारेकरी दोन पावलं मागे सरकला आणि त्याने त्याच्या साहेबाला बोलावलं. साहेबाने डबा उघडून बघितला, हुंगला आणि सांगितलं, घरात कुणी नाही, खायचे पदार्थ फाटकावर ठेवायला परवानगी नाही, आणि हे जे काही आहे ते फार छान वासाचं आहे. मी तसाच परत आलो. थालीपीठं आम्हीच खाल्ली. डबा धुऊन मांडणीवर गेला, संजीवनीच्या डब्याशेजारी. हे वाक्य मी मुद्दाम सावकाश लिहिलं आहे.

सहलीच्या दिवशी पहाटे कळलं, आमच्या घरातून डबा येणार नाही.

"मंदार देतोय ना जेवण," संजीवनी केस विंचरत म्हणाली. "मी कशाला पहाटे उठून पोळ्या लाटू? तुझं तत्त्व आहे, तू भर."

"तू समितीची सेक्रेटरी आहेस!"

"समितीविरोधी. म्हणून मी काही करत नाही."

हा मुद्दा बिनतोड होता आणि माझाच होता. मी स्वयंपाकघरात गेलो, काल रात्रीच्या भातात दही कालवलं, फोडणी दिली, थोडी हातावर उडवून घेतली, मांडणीवरून डबा ओढला, भरला, पिशवीत घातला. स्वतःचा डबा स्वतः भरणाऱ्या माणसाची छाती कशी असते ते त्या सकाळी कळलं. टी-शर्ट मात्र मला घट्ट होत होता.

उबीनला मंदारची तयारी जोरात होती. फलक, भोंगा, लाल टी-शर्ट. बमबोटवाले काका बारा माणसं भरल्याशिवाय बोट सोडत नाहीत आणि तेरावा घेत नाहीत, त्यामुळे ढोलपथक निम्मंच पोचलं. ढोल अलीकडे आले, वाजवणारे पलीकडे राहिले. सायकली फिरवून झाल्या. ऊन चढलं. मुलं 'जेवण कधी' विचारू लागली. मंदार फोन कानाला लावून धक्क्याकडे चकरा मारत होता. दर चकरेला त्याचं हसू तेवढंच होतं, पण घाम वाढत होता.

शेवटी बातमी फुटली. केटररला सांगितलं होतं, 'बेटावर जेवण पोचवायचं, बोटीने'. कुठल्या बेटावर, हे मंदारच्या जेवण समितीने सांगायचं की वाहतूक समितीने, यावर दोन्ही समित्यांचं अजून ठरत होतं. केटरर बिचारा प्रामाणिक. तो दक्षिणेच्या धक्क्यावरून बोट पकडून सगळी श्रीखंड-पुरी घेऊन सेंट जॉन्स बेटावर उतरला होता आणि मराठी माणसं शोधत होता.

सगळ्या सभासदांत एकाकडेही डबा नव्हता. माझ्याशिवाय.

वाचकहो, अशी वेळ माणसाच्या आयुष्यात एकदा येते. भुकेलेला समुदाय, तोंडघशी पडलेला प्रतिस्पर्धी, आणि माझ्या पिशवीत दहीभात. मी बाकावर चढलो. पद्माकर सेफ्टी इन-चार्ज असल्यामुळे त्याने बाक धरला.

"मित्रहो!" मी म्हणालो. "आपल्याला बस नको होती, भोंगा नको होता. आपल्याला काय हवं होतं? हे!" मी पिशवीतून डबा काढला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरला. "हा माझा डबा आहे! मी कुणाच्या उपकारावर आलेलो नाही! जे माझं आहे ते मी स्वतः आणलंय, आणि यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही!"

शांतता. इतकी शांतता मला आयुष्यात कधी लाभली नव्हती. सगळे माना वर करून डब्याकडे बघत होते. डब्याच्या बुडाकडे. बायकोने कपाळावर हात मारला. पुढे बसलेल्या एका पोराने अक्षरं जुळवत मोठ्याने वाचायला सुरुवात केली, "मं... दा... र..."

पुढचं वाचायची गरज पडली नाही. हशा असा उठला की झाडावरची माकडं पलीकडच्या झाडावर गेली.

तरीही माझ्याकडे थोडी आशा होती. मंदार ओशाळला असता, तर! पण लोकप्रिय माणसं ओशाळत नाहीत, तो त्यांचा मुख्य गुण. तो झटकन पुढे आला, भोंगा तोंडाला लावला आणि म्हणाला, "बघा! माझं जेवण पोचलं नाही, पण माझा डबा पोचला! श्रीरामदादांच्या हातून पोचला! भरून पोचला!"

ढोल वाजवणारा कुणी नसताना कुणीतरी ढोल वाजवला. रुचिराने माझ्या हातातून डबा अलगद काढून घेतला आणि पोरांच्या तळहातावर एकेक चमचा दहीभात वाढला. "मंदारकाकांचा दहीभात मस्त आहे," असं एक पोरगी म्हणाली. फोडणी माझी होती. हे कुठेतरी नोंदलं जावं म्हणून इथे लिहितो.

मग हात वर झाले. मंदारसाठी सगळीकडे हात. 'टी-शर्ट नकोत' अंगात घालून पद्माकरचाही हात.

"पद्माकर!"

"अरे, शेवटची बोट जाईल," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "आतून धरू ना त्याला."

"श्रीरामदादा," मंदार गोड आवाजात म्हणाला, "माघार घ्या ना. एकमताने जाहीर करू. आपली परंपरा आहे."

सगळे माझ्याकडे बघू लागले. उन्हात, उपाशी, बोट गाठायच्या घाईत. एक शब्द बोललो असतो तर सुटलो असतो. कदाचित पुन्हा कुणी हसलंही नसतं. मी बाकावरून उतरलो नव्हतोच.

"नाही," मी म्हणालो. "माझा हात मोजा."

"एका हाताने काय होणार, दादा?"

"एकमत होणार नाही."

मी हात वर केला. आणि मग गर्दीतून आणखी एक हात वर झाला. संजीवनीचा.

"तत्त्व वगैरे नाही हं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "जेवायला देतो म्हणून डबा भरू दिला नाही आणि जेवायलाही दिलं नाही. अशा माणसाला मी मत देत नसते." मग माझ्याकडे बघून हळूच, "आणि फोडणी जळली नव्हती."

तर आमच्या पॅनेलमध्ये आता अधिकृत विरोधी पक्ष आहे. तो एकाच घरात राहतो आणि त्याच्यात आपसांत मतभेद आहेत.

परतीच्या बोटीत मंदार माझ्या शेजारी येऊन बसला. भोंगा मांडीवर, आवाज बसलेला. "राग नाही ना, दादा?" जरा वेळाने, "खरं सांगू, सकाळपासून पोटात काही नाही." पोरांनी बाकाखाली टाकून दिलेला त्याचा डबा मी उचलून पिशवीत घातला होता, तो काढला, समुद्राच्या वाऱ्यात उघडून बघितला. पोरांनी चाटूनपुसून लख्ख केलेला. खिशात कॉफीची एक गोळी सापडली. ती आत टाकली, झाकण लावलं आणि डबा त्याला दिला.

"हे काय?"

"तुझा डबा. रिकामा परत देत नाहीत."

चांगीचा धक्का येईपर्यंत त्याने ती गोळी चघळली. भोंग्यातून एक शब्द काढला नाही. तेवढ्यापुरतं मला त्याचं राज्य आवडलं.

पुढच्या आठवड्यात सर्वसाधारण सभेचा उपचार उरकला आणि नव्या अध्यक्षांचं पहिलं परिपत्रक आलं. पुढच्या वर्षीपासून उबीनच्या सहलीला 'आपला डबा, आपला मान' ही क्रांतिकारी योजना राबवण्यात येईल. प्रत्येकाने आपलं जेवण घरून आणायचं! असा विचार मंडळाच्या इतिहासात प्रथमच होत आहे! योजनेसाठी डबा समिती, तिच्या दोन उपसमित्या, आणि त्या समितीच्या अध्यक्षपदासाठी एकमुखाने सुचवलेलं नाव: श्रीराम लिमये.

मी लगेच कळवलं. डबा आणीन. समितीत येणार नाही. आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहणार आहे, जाहीरनामा तोच.

काल योजनेखाली प्रत्येक घरी एकेक नवा डबा आला. आधीच्यापेक्षा मोठा, तसाच चकचकीत. संजीवनी म्हणते, आता आला आहे तर राहू दे, पिठाला होईल. तो मांडणीवर तिच्या डब्याशेजारी ठेवला आहे. ठेवू दे. पुढच्या वर्षी निघण्यापूर्वी मी डबा उलटा करून बघणार आहे.